जंजिऱ्याच्या पायरीवर पडलेला कॅमेरा

नाताळच्या सुट्टीत मुरूडला जायचे, असे आमच्या घरात दोन वर्षांपासून ठरत होते आणि दोन वर्षांपासून मोडत होते. कधी मुलांच्या परीक्षा, कधी नात्यातले लग्न, तर कधी रजाच मंजूर होत नव्हती. या वेळी मात्र मुलांच्या नानींनीच निकाल देऊन टाकला. "मी चालतेय तोवर मला जंजिरा दाखवा. गुडघे बसले की मग नुसते फोटोच बघायचे आहेत."

मग एका शुक्रवारी पहाटे फजरनंतर आम्ही पनवेलहून निघालो. आम्ही दोघे नवरा-बायको, नववीतली मुलगी, सहावीतला मुलगा आणि नानी. सोबत एक कॅमेरा होता. तो आमचा नव्हता.

मुलांचे मामू लग्नाचे फोटो काढतात. घर त्यावरच चालते. त्यांच्याकडे दोन कॅमेरे आहेत. नवा ते स्वतः वापरतात आणि मोठे काम असले की जुना जोडीदाराच्या हातात देतात. मुलाला मोबाइलवरच्या फोटोंचा कंटाळा आला होता. त्याने हट्ट धरला आणि मामूंनी जुना कॅमेरा, त्यावर लावलेल्या झूम लेन्ससह, दोन दिवसांसाठी दिला. पुढच्या रविवारी त्यांच्याकडे एका निकाहचे काम होते, म्हणून सोमवारी परत हवा, एवढीच अट. देताना भाच्याला त्यांनी दोन गोष्टी बजावल्या. "पट्टा कायम गळ्यात. आणि लेन्सच्या तोंडावरचं हे काळं हूड काढायचं नाही." आम्ही सगळ्यांनीच माना डोलावल्या. त्यातली एक गोष्ट आम्ही पाळली, एक पाळली नाही.

पेण, वडखळ करत आम्ही अलिबागला नाश्त्याला थांबलो. पुढे चौल-रेवदंड्याच्या नारळी-पोफळीच्या वाड्यांमधून रस्ता जातो. रेवदंड्याची खाडी ओलांडली की समुद्र उजव्या हाताला येतो आणि मुरूडपर्यंत लपाछपी खेळत राहतो. कोर्लईचा किल्ला डोंगराच्या सोंडेवर दिसला. "परतीच्या वाटेवर नक्की," असे मुलांना वचन देऊन आम्ही पुढे गेलो. काशीदला मुलाने वाळूचे, घोड्यांचे, नानींच्या चपलांचेसुद्धा फोटो काढले. पट्टा गळ्यात होता.

मुरूड गाव ओलांडून थोडे पुढे गेले की राजपुरी लागते. जंजिऱ्याला जाणाऱ्या शिडाच्या होड्या इथल्या धक्क्यावरून सुटतात. धक्क्यावर सुकत घातलेल्या मासळीचा वास, जाळी विणणारी माणसे, आणि समोर पाण्यात बसलेला तो काळा किल्ला. जझीरा म्हणजे अरबीत बेट. त्याचाच जंजिरा झाला. नावातच बेट आहे आणि किल्लाही बेटाच्या कडेकडेने असा बांधला आहे की खडक कुठे संपतो आणि तट कुठे सुरू होतो, ते लांबून कळत नाही.

हा किल्ला सिद्दींचा. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून या देशात आलेल्या हबशी लोकांच्या या घराण्याने समुद्रावरची आपली सत्ता शतकानुशतके टिकवली. शिवाजी महाराजांनी जवळच कांसा बेटावर पद्मदुर्ग बांधला, संभाजी महाराजांनीही किल्ल्याला वेढा घालून पाहिला. पण जंजिरा मराठ्यांच्या हाती कधी आला नाही. पुढे इंग्रजी अमलात इथे नवाबाचे संस्थान होते आणि १९४८ साली ते भारतात विलीन झाले. होडीत आम्ही हे मुलांना सांगत होतो. नानी तोंडाने दुआ म्हणत होत्या, कारण होडी चांगलीच हलत होती. मुलाने त्यांचा एक फोटो काढला. मागे शीड, वाऱ्याने उडालेली ओढणी, आणि चेहऱ्यावर निम्मी भीती, निम्मी हौस.

जंजिऱ्याचे महाद्वार अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. दोन बुरुजांच्या मध्ये ते दडलेले आहे. होडी दारासमोर येते, पण तिथे शांतपणे उभी राहत नाही. लाट आली की वर, गेली की खाली. नावाडी एका हाताने दगड धरतात, दुसऱ्या हाताने माणसे उतरवतात. पायऱ्यांवर ओल आणि शेवाळ. आधी मुलगी उतरली. मग नानींना दोघांनी धरून उतरवले. मुलाला दोन्ही हात मोकळे हवे होते. त्याने गळ्यातला पट्टा काढला आणि कॅमेरा वर उभ्या बहिणीकडे धरला. तिने हात पुढे केला. लाट आली, होडी हातभर खाली गेली.

आवाज फार मोठा झाला नाही. प्लॅस्टिक दगडावर आपटावे तसा एक टक्, आणि मग दुसऱ्या पायरीवर आणखी एक. नावाड्याने पाय आडवा घातला म्हणून कॅमेरा पाण्यात गेला नाही. त्याने तो उचलून आमच्या हातात दिला आणि म्हणाला, "माणूस नाय पडला, हे बघा." त्याचे म्हणणे खरे होते. पण मुलाचा चेहरा पाहून आमच्या तोंडून शब्द फुटेना.

कॅमेरा लेन्सच्या तोंडावर पडला होता. हूडला अर्ध्यापर्यंत तडा गेला होता. लेन्सच्या पुढच्या कडेला, जिथे फिल्टर बसवतात तिथे, बारीकसा पोचा आला होता. काच मात्र शाबूत होती. आम्ही लगेच बटण दाबले. कॅमेरा सुरू झाला. झूमचे कडे फिरवले, तर अर्ध्यावर अडकले. थोडा जोर लावला, तेव्हा ते पुढे सरकले. दाराचा एक फोटो काढून पाहिला. छोट्या पडद्यावर तो छान दिसत होता. "अल्हम्दुलिल्लाह, काही झालं नाही," असे म्हणून आम्ही सुटकेचा श्वास टाकला.

पुढचा पाऊण तास आम्ही किल्ला पाहिला. दाराजवळ दगडात कोरलेला, पंजांत हत्ती पकडलेला वाघासारखा प्राणी पाहिला. कलालबांगडी तोफ पाहिली, तिच्यावर हात ठेवला तर डिसेंबरच्या उन्हातही ती तापलेली होती. सुरुलखानाच्या वाड्याच्या उंच भिंती पाहिल्या. चारी बाजूंना खारे पाणी असताना आतल्या तलावांत गोडे पाणी कसे, याचे नानींना फार नवल वाटले; त्या तिथे बराच वेळ बसल्या. मुलाने एकही फोटो काढला नाही. मुलीने मोबाइलवर काढले.

परत राजपुरीला आल्यावर आम्ही खोकरीच्या घुमटांकडे गेलो. सिद्दी घराण्यातल्या माणसांच्या या दगडी कबरी गावाबाहेर शांत जागी आहेत. सगळ्यांत मोठा घुमट सुरुलखानाचा. नानींनी एका कडेला असरची नमाज पढली. तोवर आम्ही दोघे हळू आवाजात बोलत होतो. बोलणे काय, तर उद्या पनवेलला पोचलो की तसेच हूड विकत घ्यायचे. पोचा तर नीट पाहिल्याशिवाय दिसतही नाही. कॅमेरा चालू आहे, फोटो निघतो आहे. मग उगाच सांगून मामूंच्या जिवाला घोर कशाला? त्यांच्या कामाच्या धावपळीत आणखी एक काळजी कशाला? आमच्या बोलण्यात त्यांचीच काळजी जास्त होती, असे आम्हांला त्या वेळी मनापासून वाटत होते.

मुलगा कधी मागे येऊन उभा राहिला, कळले नाही. त्याने विचारले, "मामूंना काय सांगायचं?"

"सध्या काही नको," आम्ही म्हणालो.

नानी जानमाज घडी करत होत्या. त्यांनी वर न बघताच म्हटले, "सांगायचं काय म्हणजे? जे झालं ते. वस्तू त्याची आहे. ती पडली, हे त्याला आपल्या तोंडून कळायला हवं. अमानत जशी घेतली तशी परत करता येत नसेल, तर निदान काय झालं ते तरी सांगून परत करावी."

यावर काही बोलण्यासारखे नव्हते. मुलगा आमच्याकडे पाहत होता. वर्षभर आपण मुलांना खरे बोला म्हणतो. पण मुले ते शिकतात अशाच वेळी, जेव्हा खरे बोलणे आपल्याला महागात पडणार असते. आम्ही फोन लावला.

मामू क्षणभर गप्प झाले. मग त्यांनी कुणाला लागले का ते विचारले. त्यानंतर त्यांचा आवाज एकदम कामाचा झाला. "कुठल्या बाजूनं पडला? चालू केला होता का? झूम फिरवलं?" आम्ही सगळे सांगितले, जोर लावल्याचेसुद्धा. ते म्हणाले, "आपा, आता बंद करा. बॅटरी काढा, कार्ड काढून वेगळं ठेवा. लेन्सला पुन्हा जोर लावू नका. हलवून आतून आवाज येतो का, तेही बघत बसू नका. काही लेन्स बंद असताना चांगल्या असल्या तरी आत खुळखुळतात, त्यावरून काही कळत नाही."

"पण फोटो तर छान आलाय," आम्ही म्हटले.

"तेवढ्याशा पडद्यावर सगळे फोटो छानच दिसतात. रात्री मुक्कामाला पोचलात की एक काम करा."

मुरूडच्या खोलीत रात्री आम्ही ते काम केले. ते इथे सविस्तर लिहितो, कारण कॅमेरा पडलेल्या कुठल्याही घरात ते करता येण्यासारखे आहे. मराठी वर्तमानपत्राचे मधले पान उघडून भिंतीवर सपाट चिकटवले. समोर टेबलावर उशी आणि पुस्तके रचून कॅमेरा असा ठेवला, की तो भिंतीला अगदी समोरासमोर राहील आणि पान चौकटीत पूर्ण भरेल. फक्त यासाठीच बॅटरी पुन्हा घातली. झूमचे कडे होते तसेच राहू दिले. लेन्सचे छिद्र पूर्ण उघडे ठेवले, म्हणजे एफचा आकडा सगळ्यांत लहान. फोकस पानाच्या मधोमध घेतला. हात लागून हलू नये म्हणून टायमर लावून फोटो काढला. मग कॅमेरा उलटा, डोके खाली करून, त्याच जागेवरून आणखी एक काढला.

ते फोटो मुलीने मोठे करून पाहिले. मधली अक्षरे स्वच्छ होती. डावीकडचे कोपरेही बऱ्यापैकी वाचता येत होते. उजवीकडची अक्षरे मात्र ओल्या बोटाने पुसावीत तशी फिसकटलेली. उलट्या कॅमेऱ्यातून काढलेल्या फोटोत तीच फिसकट पानाच्या दुसऱ्या बाजूला गेली होती. भिंत तिरकी असती, तर दोन्ही फोटोंत पानाची एकच बाजू बिघडली असती. बिघाड कॅमेऱ्याबरोबर फिरला, म्हणजे दोष लेन्समध्येच.

आम्ही मामूंना हे कळवले. ते म्हणाले, "आत एखादी काच तिरकी झालीय. तुम्ही सांगितलं नसतं, तर रविवारी ही लेन्स मी तशीच जोडीदाराच्या हातात दिली असती. स्टेजवर दहा-बारा माणसं उभी राहतात. अर्धी स्वच्छ, अर्धी पुसट आली असती. आणि ते मला घरी जाऊन संगणकावरच कळलं असतं. निकाह काही पुन्हा पढवता येत नाही."

त्या रात्री आम्हांला झोप लागली नाही. आम्ही ज्याला काळजी म्हणत होतो, ती काळजी नव्हती. ती लाज होती. आणि तिची किंमत दुसऱ्याच कुणाला मोजावी लागणार होती. ज्यांना आम्ही कधी पाहिले नाही अशा एका नवरा-नवरीला.

दुसऱ्या दिवशी कोर्लईला न थांबताच आम्ही परतलो. सोमवारी सकाळी पनवेलहून लोकल धरून मुलाला घेऊन मुंबईला गेलो. त्याची शाळा अजून सुरू झाली नव्हती आणि त्यानेच येण्याचा हट्ट धरला होता. हार्बर लाइनने छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपर्यंत जवळजवळ सव्वा तास लागतो. तो सव्वा तास कॅमेऱ्याची पिशवी त्याच्या मांडीवर होती आणि पट्टा मनगटाला दोनदा गुंडाळलेला. मामू स्टेशनवर भेटले.

२००४ पासून जागतिक वारसा यादीत असलेली ती भव्य इमारत पाहायला लोक माना वर करतात. आम्ही मान खाली घालून रस्ता ओलांडला आणि फोर्टच्या बाजूला बोराबाजारात शिरलो. ही गल्लीही पाहण्यासारखी आहे. खाली ओळीने कॅमेऱ्यांची, बॅगांची, दिव्यांची दुकाने. काचेमागे नव्या लेन्सच्या शेजारी जुन्या लेन्स मांडलेल्या. हमाल खोकी घेऊन धावतात, लग्नाचे फोटोग्राफर चहाच्या टपरीवर उभे राहून किमतींवरून वाद घालतात. आणि वर, जुन्या इमारतींच्या लाकडी जिन्यांवरून गेले की दुरुस्तीवाले.

आमचे कारागीर वयस्कर होते. मामू त्यांना चाचा म्हणत होते, मग आम्हीही तेच म्हणू लागलो. खोली एवढीशी. एक टेबल, वाकवता येणारा दिवा, बारीक स्क्रू-ड्रायव्हरांची रांग, आणि एका कागदावर दुहेरी चिकटपट्टी. त्या पट्टीवर ते निघालेला प्रत्येक स्क्रू ज्या जागचा त्या क्रमाने चिकटवत होते. मुलगा तिथून हललाच नाही.

चाचांनी आधी लेन्स कॅमेऱ्यावरून उतरवली आणि तिची मागची बाजू नजरेच्या रेषेत धरली. लेन्स कॅमेऱ्यात अडकते ती धातूच्या कड्याने, त्याच्या तीन पाकळ्यांनी. या कड्याला ते माउंट म्हणतात. "हे बघ," ते मुलाला म्हणाले, "एक पाकळी जरा वाकलीय. पडलेली लेन्स दुसऱ्या कॅमेऱ्याला लावून बघायची नाही. लोक हेच करतात. वाकडी लेन्स चांगल्या कॅमेऱ्याचंही कडं बिघडवते. मग एकाऐवजी दोघांची दुरुस्ती."

एवढ्याशा वाकण्याने काय होते, असे आम्ही विचारले. त्यांनी समजावून सांगितले. माउंटपासून आतल्या सेन्सरपर्यंतचे अंतर कंपनीने कायमचे ठरवलेले असते. निकॉनच्या १९५९ पासून चालत आलेल्या एफ माउंटमध्ये ते ४६.५ मिलिमीटर, कॅननच्या १९८७ पासूनच्या ईएफमध्ये ४४ मिलिमीटर. हे अंतर सगळ्या बाजूंनी सारखे हवे. एका बाजूला केसाएवढा फरक पडला, तरी फोटोची एक बाजू पुसट होते. आतल्या काचांचेही तसेच. झूम लेन्समध्ये दहा-पंधरा काचा एका रेषेत बसवलेल्या असतात. धक्क्याने त्यातली एक जरी कलली, तरी लेन्स चालते, फोटो निघतो, वरून काहीच दिसत नाही. फक्त चित्र खरे येत नाही.

पुढे त्यांनी कॅमेऱ्याला आपली एक चांगली लेन्स लावली आणि भिंतीवरच्या आलेखाचा फोटो काढून पाहिला. चारी कोपरे स्वच्छ. "बॉडी वाचली," ते म्हणाले. "का वाचली माहितीय? हूडमुळे. हूड फुटलं, म्हणजे धक्का त्यानं खाल्ला. फुटायलाच असतं ते." मग विचारले, "झूमला जोर कुणी लावला?"

आम्ही दोघांनी खाली पाहिले. झूम अडकले होते ते नळी चेपल्यामुळे. जोर लावल्याने आतली पातळ विजेची पट्टी ताणली गेली होती. ती बदलावी लागणार होती. पडण्याने झालेले नुकसान मुलाच्या आणि लाटेच्या नावावर गेले. पण या पट्टीचा खर्च आमच्या नावावर होता. मुलाने आमच्याकडे पाहिले, पण तो काही बोलला नाही. त्याचे हे शहाणपण आम्हांला आवडले.

लेन्स उघडता उघडता चाचा थांबले. भिंगातून स्क्रूंकडे पाहत म्हणाले, "ही आधीही उघडलीय. या स्क्रूंच्या खाचा झिजल्यात. ही पूर्वी एकदा पडलीय."

खरे सांगायचे तर आम्हांला क्षणभर बरे वाटले. म्हणजे सगळा दोष आपला नाही! आम्ही मामूंकडे पाहिले. मामू खिडकीबाहेर पाहत होते. मग हसले आणि भाच्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तीन वर्षांपूर्वी. मांडवात शिडीवरून उतरताना. पट्टा माझ्याही गळ्यात नव्हता."

"आणि तुम्ही कुणाला सांगितलं?" मुलाने विचारले.

मामू गप्प झाले. नंतर चहाच्या टपरीवर त्यांनी आम्हांला सांगितले. हा कॅमेरा त्यांच्या धंद्यातला पहिला. त्यासाठी नानींनी आपल्या दोन बांगड्या मोडल्या होत्या. घेतल्यावर वर्षभरातच तो पडला, तेव्हा अम्मीला तोंड कसे दाखवायचे म्हणून त्यांनी उधार घेऊन तो गुपचूप दुरुस्त करून आणला. ती उधारी फेडायला सात महिने लागले. त्या सात महिन्यांत अम्मी विचारायच्या, काम तर चांगलं चाललंय, मग घरात पैसे का येत नाहीत? त्यावर ते दरवेळी नवे कारण सांगायचे. "कॅमेरा एकदाच पडला," ते म्हणाले, "पण खोटं मी सात महिने बोललो."

त्या संध्याकाळी मामू आमच्याबरोबर पनवेलला आले. जेवण झाल्यावर त्यांनी नानींना ते सगळे सांगितले. आम्ही उठून जाणार होतो, पण त्यांनी थांबवले. नानींनी ऐकून घेतले. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "बांगड्या तुझ्यासाठी मोडल्या होत्या, कॅमेऱ्यासाठी नाही. तेव्हाच बोलला असतास, तर उधारी दोघांनी मिळून फेडली असती." एवढेच. थोड्या वेळाने त्यांनी मुलाला खिशातली बडीशेप दिली आणि मामूंनाही दिली, लहानपणी देत असतील तशी.

लेन्स रविवारपर्यंत तयार झाली नाही. भाग दुसऱ्या जुन्या लेन्समधून काढायचा होता, त्याला दहा दिवस लागले. त्या निकाहसाठी मामूंनी एक लेन्स दिवसाच्या भाड्याने आणली. भाडे आणि दुरुस्तीचे साडेसहा हजार आम्ही दिले. मामू घ्यायला तयार नव्हते, पण नानींनी सांगितले, "घे. देणाऱ्याचं मन हलकं होऊ दे." मुलाने ईदीचे साठवलेले अकराशे रुपये आणून दिले. ते घ्यायचे की नाही, यावर आम्ही दोघांनी खूप विचार केला आणि शेवटी घेतले. काच बसवून झाल्यावर चाचांनी पुन्हा तोच आलेख काढून दाखवला. चारी कोपरे वाचता येत होते.

या सगळ्यातून आम्ही जे शिकलो, ते वाचकांच्या उपयोगी पडेल म्हणून सांगतो. प्रवासात कॅमेरा एका हातातून दुसऱ्या हातात देताना सहज पडू शकतो. म्हणून होडीतून, बसमधून, शिडीवरून चढता-उतरताना तो कुणाच्याच हातात नको. गळ्यात आडवा टाकून पिशवीत बंद असावा. घेणाऱ्याने "धरला" असे तोंडाने म्हटल्याशिवाय देणाऱ्याने सोडू नये. हूड नेहमी लावलेले असावे. पुढचा साधा फिल्टर फुटला, तर काचेचे तुकडे कापडाने पुसू नयेत. लेन्स खाली तोंड करून धरावी आणि हवेच्या रबरी फुग्याने ते उडवावेत, नाहीतर तेच तुकडे आतल्या काचेवर चरे पाडतात. चेपलेल्या कड्यात फिल्टर अडकला, तर पकडीने पिळू नये. कंपनीची वॉरंटी कारखान्यातल्या दोषासाठी असते, पाडल्यावर ती उपयोगी पडत नाही, हेही आधीच लक्षात ठेवावे. आणि दुरुस्तीला देण्याआधी खर्चाचा अंदाज लिहून घ्यावा. साध्या लेन्सची दुरुस्ती कधीकधी वापरलेली लेन्स घेण्यापेक्षा महाग पडते.

आणखी एक गोष्ट. दुसऱ्याची वस्तू आपल्या हातून पडली, तर ती आधी त्याला सांगावी, मग तिच्यावर हात चालवावा. वरून धड दिसते म्हणजे आतून धड आहे, असे नसते. ती इजा कुठे आहे हे मालकाला किंवा कारागिराला शोधता येते, पण पडल्याचे माहीत असेल तरच.

होडीतला नानींचा तो फोटो आम्ही मोठा करून घेतला आणि दिवाणखान्यात लावला आहे. पडण्याआधी त्या लेन्सने काढलेला तो शेवटचा फोटो. ओढणीच्या काठाचा धागा न् धागा दिसतो.

मार्चमध्ये मुलांची परीक्षा संपली, की कोर्लईला जायचे ठरले आहे. वचन दिले होते आणि ते राहून गेले आहे. परवा मामू आले होते. जाताना त्यांनी जुना कॅमेरा टेबलावर ठेवला. नवे हूड लावलेले होते. मुलगा बघतच राहिला. हात लावेना. मामू पायांत चपला घालत म्हणाले, "पट्टा गळ्यात. आणि काही झालं तर?"

"आधी फोन," मुलगा म्हणाला.